रक्तातल्या एनके पेशींचा रिपोर्ट आणि गर्भाशयाचं अस्तर

प्रश्न असा आहे: वय ३४, एक गर्भपात, त्यानंतर आयव्हीएफचे दोन ट्रान्सफर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याचे दोन प्रयत्न, फसले. दोन्ही वेळा भ्रूण चांगल्या प्रतीचे होते असं सांगण्यात आलं. आता रक्ततपासणीत एनके पेशी (नॅचरल किलर, प्रतिकारशक्तीच्या मारक पांढऱ्या पेशी) १९ टक्के आल्या आहेत. "तुमची प्रतिकारशक्तीच गर्भाला मारते" असं सांगून पुढच्या ट्रान्सफरआधी इंट्रालिपिडचं सलाईन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या आहेत. हे खरं आहे का? गर्भाशयाचं अस्तर आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय?

थेट उत्तर आधी देते. त्या १९ टक्क्यांवरून तुमच्या गर्भाशयात काय चाललं आहे ते कळत नाही. "तुमची प्रतिकारशक्ती गर्भाला मारते" हे वाक्य तर त्या रिपोर्टमधून निघतच नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अस्तराच्या बायोप्सी वाचणं हे माझं रोजचं काम, आणि हे वाक्य ऐकून स्वतःच्या शरीरालाच दोष देत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाळीच्या पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवसाची बायोप्सी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की काय दिसतं, तिथून सुरुवात करू. अस्तरात ग्रंथी असतात आणि त्या ग्रंथींच्या मधली जागा भरून काढणाऱ्या आधारपेशी असतात, ज्यांना आम्ही स्ट्रोमल सेल म्हणतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात या आधारपेशी सडपातळ, लांबट, दाटीवाटीनं उभ्या असतात. पंचविसाव्या दिवसापर्यंत त्या गुबगुबीत झालेल्या दिसतात, फिकट गुलाबी, कडा स्पष्ट. हा बदल सगळीकडे एकदम होत नाही. आधी तो नागमोडी रक्तवाहिन्यांच्या भोवती सुरू होतो आणि मग पसरत जातो. याला डेसिड्युअलायझेशन म्हणतात. आता लेन्स बदलून मोठं करून पाहिलं की या गुबगुबीत पेशींच्या मध्येमध्ये लहान, गडद केंद्रकाच्या गोल पेशी दिसतात, आणि नीट रंगवलेल्या स्लाइडवर त्यांच्या पोटात लालसर कण दिसतात. रक्तवाहिन्यांच्या आणि ग्रंथींच्या आसपास त्यांची गर्दी जास्त.

या कणवाल्या पेशी कोण, हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. १९५०च्या दशकात जर्मन पॅथॉलॉजिस्ट हॅम्पर्ल यांनी त्यांचं वर्णन केलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्या आधारपेशींपासूनच तयार होतात असं मानलं जाई. १९८०च्या दशकात मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरून पेशी रंगवता येऊ लागल्या, तेव्हा इंग्लंडमध्ये ज्यूडिथ बुल्मर आणि ॲशली मॉफेट यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून उलगडा झाला. या पेशी लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी होत्या, एनके कुळातल्या. पण रक्तात फिरणाऱ्या एनके पेशींहून वेगळ्या.

हा वेगळेपणा तुमच्या रिपोर्टच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. रक्तातल्या एनके पेशींपैकी साधारण ९० टक्के पेशींवर सीडी५६ ही खूण फिकी आणि सीडी१६ ही खूण ठळक असते. विषाणूची लागण झालेली किंवा कर्करोगाकडे वळलेली पेशी मारण्यात त्या तरबेज. अस्तरातल्या एनके पेशींवर सीडी५६ अतिशय ठळक असते, सीडी१६ जवळपास नसतेच, आणि एका जागी मुक्काम करणाऱ्या पेशींवर असते ती सीडी४९ए ही खूण त्यांच्यावर सापडते. मारण्यात त्या मंद, रसायनं स्रवण्यात मात्र पुढे. रक्तात एनके पेशींचं प्रमाण एकूण लिम्फोसाइटच्या ५ ते १५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ते प्रयोगशाळेगणिक, दिवसाच्या वेळेनुसार, तुम्ही जिने चढून धापा टाकत आलात की शांत बसून होतात यावरही बदलतं. गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके असतात. ते तिथे तसंच असायला हवं. तिथले ७० टक्के म्हणजे निरोगी गरोदरपण, आणि तुमच्या दंडातल्या शिरेतले १९ टक्के म्हणजे त्या सकाळची रक्तातली एक मोजणी. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

आता दोघांच्या नात्याकडे येते. सुरुवात अस्तराकडून होते. बीज फुटल्यावर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतं. अस्तरातल्या एनके पेशींवर प्रोजेस्टेरॉनचा नेहमीचा ग्राहक (रिसेप्टर, संदेश पकडणारं प्रथिन) नसतो, म्हणजे हे संप्रेरक त्यांना थेट ऐकूच येत नाही. ते ऐकतात आधारपेशी. त्या गुबगुबीत होतात आणि इंटरल्युकिन-१५ नावाचं प्रथिन तयार करू लागतात. या प्रथिनावर एनके पेशी जगतात, वाढतात, पक्व होतात. ज्या उंदरांमध्ये इंटरल्युकिन-१५चं जनुकच काढून टाकलं, त्यांच्या गर्भाशयात एनके पेशी तयारच झाल्या नाहीत. म्हणून बीज फुटल्यानंतर त्यांची संख्या झपाट्यानं चढते, पाळीच्या तोंडावर आणि गर्भ राहिला तर सुरुवातीच्या महिन्यांत ती सर्वात जास्त असते, आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात ओसरते. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन घसरतं, आधारपेशींचा सूर बदलतो, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आत शिरतात, ऊतक विरघळवणारी विकरं सुटतात आणि अस्तर पाळीच्या रूपानं गळून पडतं. माणसाच्या बाबतीत ही सगळी तयारी भ्रूणाची वाट न पाहता दर महिन्याला होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती भ्रूण आल्यावरच होते, आणि म्हणूनच त्यांना पाळी येत नाही.

बोलावून घेतलेल्या या पेशी मग अस्तराचं रूप बदलतात. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात यान ब्रोसेन्स यांच्या गटानं २०१७ साली एक सुंदर गोष्ट दाखवली. डेसिड्युअलायझेशन होताना सगळ्याच आधारपेशी नीट पक्व होत नाहीत. काही पेशी तणावाखाली अकाली वृद्ध होतात, विभाजन थांबवतात आणि दाहकारक रसायनं सोडत बसतात. भ्रूण रुजण्याच्या दिवसांत असा थोडा दाह उपयोगी असतो, पण तो रेंगाळला तर शेजारच्या धडधाकट पेशीही वृद्ध होऊ लागतात. अस्तरातल्या एनके पेशी या वृद्ध पेशी नेमक्या हेरून मारतात आणि निरोगी डेसिड्युअल पेशींना हात लावत नाहीत. म्हणजे गर्भाशयातल्या एनके मारतात हे खरं, पण त्यांचं लक्ष्य असतं अस्तरातल्या निकामी पेशी. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या अस्तरात हा तोल वृद्ध पेशींच्या बाजूला झुकलेला दिसतो, असं याच गटाचं पुढचं काम सांगतं. अशा वेळी एनके पेशी दाबून टाकणं हे सफाई करणाऱ्यालाच घरी पाठवण्यासारखं होईल.

दुसरं काम रक्तवाहिन्यांचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अस्तरात शंभराच्या आसपास नागमोडी रोहिण्या असतात, अरुंद, स्नायूंच्या जाड भिंतीच्या. पाळीच्या वेळी आवळून रक्तस्राव थांबवायला त्यांना ते स्नायू लागतात. पण वाढत्या वारेला हवी असते संथ, भरपूर आणि अखंड धार. पूर्ण दिवसांच्या गरोदर बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं. त्यासाठी रोहिण्यांच्या तोंडाशी असलेली स्नायूंची भिंत मोडून त्यांचं रुंद, सैल नळीत रूपांतर व्हावं लागतं. हे काम मुख्यतः वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी करतात, पण गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांतल्या ऊतकात असं दिसतं की ट्रोफोब्लास्ट पोचण्याआधीच एनके पेशी आणि मॅक्रोफेज (कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी) रोहिणीच्या भिंतीत शिरलेल्या असतात आणि स्नायूंचे थर सुटायला लागलेले असतात. एनके पेशी व्हीईजीएफ, अँजिओपोएटिन-२ अशी रक्तवाहिन्या घडवणारी द्रव्यं आणि भिंतीची वीण सैल करणारी विकरं स्रवतात. कॅनडात ॲन क्रॉय यांच्या प्रयोगशाळेत एनके पेशी नसलेल्या उंदरांत या रोहिण्या अरुंदच राहिल्या, आणि अस्थिमज्जेतून एनके पेशी परत मिळवून दिल्यावर त्या सुधारल्या.

रोहिण्या अरुंद राहिल्या तर रक्त वारेच्या नाजूक झुबक्यांवर जोरानं आदळतं आणि मधूनमधून तुटतं. वारेला त्याचा ताण सोसावा लागतो, आणि काही महिन्यांनी त्याचे परिणाम प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला धोकादायक वाढलेला रक्तदाब), बाळाची खुंटलेली वाढ, मुदतीआधीची प्रसूती या रूपात दिसतात. सातव्या महिन्यात आईचं बीपी १७०वर जातं तेव्हा त्याची मुळं बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या महिन्याआधीच रुजलेली असतात.

"पण गर्भ अर्धा परका, मग आईचं शरीर त्याला नाकारत का नाही?" हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला. पुढे १९६० साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी गर्भाचा विचार कलम केलेल्या परक्या अवयवासारखा केला, आणि तेव्हापासून आईची प्रतिकारशक्ती शत्रू आणि ती दाबणं हा उपाय, ही समजूत दवाखान्यांत घट्ट बसली. पण गर्भ आईच्या अस्तराला कुठेच शिवत नाही. शिवतात त्या वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी, आणि त्या आपली ओळख मोजकीच दाखवतात. अवयव-प्रत्यारोपणात सगळ्यात जास्त भांडणं लावणारी एचएलए-ए आणि एचएलए-बी ही पेशीवरची ओळखचिन्हं त्यांच्यावर नसतात. असतात एचएलए-जी, एचएलए-ई आणि एचएलए-सी. यातला एचएलए-सी माणसामाणसात बराच बदलतो आणि त्याचा एक भाग वडिलांकडून येतो. आईच्या एनके पेशींवर तो ओळखणारे ग्राहक असतात, त्यांना केआयआर म्हणतात. काही केआयआर पेशीला शांत करतात, काही जागं करतात.

इथे तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याला छेद देणारी गोष्ट आहे. केंब्रिजमध्ये मॉफेट आणि सुझन हिबी यांनी २००४ साली प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांचे केआयआर तपासले. ज्या आयांकडे शांत करणाऱ्या केआयआरचा संच, म्हणजे एए हा प्रकार होता आणि बाळाकडे एचएलए-सी२ हा एचएलए-सीचा एक प्रकार होता, त्यांना प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका जास्त आढळला. म्हणजे एनके पेशी फार शांत राहिल्या की घोटाळा होतो. उलट केआयआर२डीएस१ हा जागं करणारा ग्राहक असला तर एनके पेशी जीएम-सीएसएफ नावाचं द्रव्य सोडतात आणि ट्रोफोब्लास्ट पेशी जास्त आत सरकतात. त्याच गटानं पुढे दाखवलं की या ग्राहकाचा आणि वडिलांकडून आलेल्या सी२चा मेळ जास्त वजनाच्या बाळांशी जोडलेला आहे. म्हणजे दोन्ही टोकं त्रासदायक. बाळ फार लहान किंवा फार मोठं, दोन्ही जुन्या काळात जिवावर बेतणारं. जपानी लोकांत एए प्रकार पुष्कळ आढळतो आणि सी२ कमी, यातही उत्क्रांतीनं काढलेली तडजोड दिसते. हे ज्ञान अजून दवाखान्यात तपासणी म्हणून वापरण्याच्या अवस्थेत नाही. कुणी केआयआरची महागडी तपासणी सुचवली तर तिच्या निकालावरून उपचारात काय बदलेल, एवढं विचारा.

अस्तर नसेल तिथे काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. सिझेरियनच्या जुन्या व्रणावर अस्तर पातळ किंवा नाहीसं झालेलं असतं. तिथे वार रुजली तर ट्रोफोब्लास्टला आवर घालणारी डेसिड्युआ, म्हणजे डेसिड्युअलायझेशन झालेलं अस्तर, नसते, आणि वार स्नायूत, कधी मूत्राशयापर्यंत शिरते. याला प्लासेंटा अक्रीटा म्हणतात, आणि सिझेरियन वाढले तसं त्याचं प्रमाणही वाढलं आहे. गर्भनलिकेत गर्भ रुजला तर तिथेही डेसिड्युआ नाही, एनके पेशींची ती गर्दी नाही, आणि ट्रोफोब्लास्ट भिंत पोखरत जातं. असे नमुने माझ्या टेबलावर येतात तेव्हा अस्तर आणि त्यातल्या पेशी मिळून एरवी किती नेटकी सीमा राखत असतात ते समोर दिसतं.

बाकीच्या पेशींबद्दल थोडक्यात. मॅक्रोफेज दुसऱ्या क्रमांकावर, अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे पाचवा हिस्सा. मेलेल्या पेशी उचलणं आणि रक्तवाहिन्यांच्या कामात मदत ही त्यांची कामं. टी पेशी कमी, आणि त्यांच्यातल्या नियंत्रक टी पेशी बाकीच्यांना आवर घालतात. उंदरांत त्या काढून टाकल्या तर परक्या जनुकांचे गर्भ गळतात. २०१२ साली न्यूयॉर्कच्या एरलेबाखर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की उंदरांच्या डेसिड्युअल पेशी टी पेशींना बोलावणाऱ्या रसायनांची जनुकं मुळातच बंद करून ठेवतात. म्हणजे एनकेंना आमंत्रण आणि मारक टी पेशींना दार बंद, हे दोन्ही निर्णय अस्तराचेच. आणि डेंड्रिटिक पेशी (परक्या गोष्टींची खबर टी पेशींना देणाऱ्या) गर्भाशयातून काढून टाकल्या तर उंदरांत जनुकानं अगदी आईसारखाच गर्भही रुजत नाही, कारण डेसिड्युअलायझेशनच नीट होत नाही. परकेपणाचा प्रश्नच नसताना प्रतिकारशक्तीच्या पेशी नाहीत म्हणून गर्भ जातो. हा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो.

या पेशी येतात कुठून? याचं एक उत्तर गर्भाशय प्रत्यारोपणातून मिळालं. आपल्याकडे पुण्यात मे २०१७ मध्ये आईचं गर्भाशय मुलीला बसवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा गर्भाशयातून बाळ जन्मलं. स्वीडनमध्ये हे २०१४ साली साधलं होतं. तिथल्या संशोधकांनी प्रत्यारोपित गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे तपासले, तेव्हा त्यातल्या एनके पेशी गर्भाशय मिळालेल्या स्त्रीच्या निघाल्या, दात्या स्त्रीच्या नव्हत्या. म्हणजे रक्तातून आलेल्या पेशी या अस्तरात मुरून अस्तराच्या झाल्या. त्यांचं वागणं ठरवतं ते मुख्यतः त्या जिथे राहतात ते ऊतक. इस्रायलमधल्या २०१८ सालच्या अभ्यासात आधी गरोदर राहिलेल्या स्त्रियांच्या एनके पेशी पुढच्या खेपेला जास्त तत्परतेनं व्हीईजीएफ सोडताना आढळल्या. दुसऱ्या गरोदरपणात प्री-एक्लॅम्प्सिया कमी का दिसतो, याचं काही उत्तर त्यात असावं.

आता हा संवाद खरोखर कुठे बिघडतो ते, कारण तुमच्या हातातल्या रिपोर्टपेक्षा याची चौकशी जास्त फळेल.

पहिलं, क्षय. गर्भाशयाचा क्षय आपल्याकडे वंध्यत्वामागे आजही सापडतो. जंतू बहुतेक वेळा आधी गर्भनलिकांत बसतात, तिथून अस्तरात येतात. मॅक्रोफेज त्यांना गिळतात, पचवू शकत नाहीत, एकत्र येऊन गाठी बनवतात, ज्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. अस्तर दर महिन्याला गळून जातं, म्हणून या गाठींना पूर्ण पिकायला वेळच मिळत नाही. यासाठीच अशी बायोप्सी पाळी येण्याच्या अगदी आधी घ्यायची असते. पाळी संपल्यावर लगेच घेतलेल्या तुकड्यात गाठी सापडण्याची शक्यता कमी, आणि "क्षय नाही" असा रिपोर्ट मग खोटा दिलासा देतो. दुसऱ्या बाजूनं, फक्त पीसीआर (जंतूचं जनुक शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याचाही मोठा प्रघात आहे. स्लाइड, कल्चर, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची यंत्रावरची जनुक तपासणी) आणि दुर्बिणीतून दिसलेलं चित्र हे जुळवून पाहिल्याशिवाय तसं करू नये असं माझं मत आहे. पाळी अलीकडे फार कमी झाली असेल तर मात्र हा विषय तुमच्या डॉक्टरांकडे नक्की काढा, कारण जंतूंनी अस्तराचा तळाचा थर खाल्ला की ते पुन्हा नीट उगवत नाही.

दुसरं, अस्तराचा जुनाट दाह. यात अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी अस्तरात येऊन बसतात. लक्षणं जवळपास नसतात. सीडी१३८ रंगानं त्या उठून दिसतात. किती दिसल्या म्हणजे रोग, यावर एकमत नाही, आणि पाळीच्या उत्तरार्धात एरवीच्याच पांढऱ्या पेशींची इतकी गर्दी असते की वाचन अवघड होतं. म्हणून यासाठी बायोप्सी महिन्याच्या पहिल्या अर्ध्या भागात घेतलेली बरी. क्षयाच्या नेमकी उलट वेळ. एकाच तुकड्यावर दोन्ही तपासण्या मागितल्या जातात तेव्हा आमची अडचण होते, त्यामुळे बायोप्सी कशासाठी आहे ते आधी स्पष्ट करून घ्या. तिथे सापडल्यास उपचार साधे, प्रतिजैविकांचे असतात.

तिसरं, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. प्रतिकारशक्तीमुळे होणारे गर्भपात म्हणतात त्यात पुरावा आणि उपचार दोन्ही भक्कम असलेलं हे एक निदान. यात आईच्या अँटिबॉडी ट्रोफोब्लास्टवर बसतात आणि कॉम्प्लिमेंट नावाची दाहाची साखळी पेटवतात. हेपॅरिन इथे केवळ रक्त पातळ करतं म्हणून उपयोगी पडतं असं नाही. उंदरांतल्या प्रयोगांत ते ही साखळीच थोपवताना दिसलं, आणि रक्त पातळ करणाऱ्या इतर औषधांनी तो परिणाम साधला नाही. लंडनच्या १९९७ सालच्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झालं, ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिन दिलं तेव्हा ७१ टक्क्यांना.

आता तुम्हाला सुचवलेल्या उपचारांकडे. प्रेडनिसोन या स्टेरॉइडची नीट चाचणी चीनमध्ये झाली, २०२३ साली प्रसिद्ध झाली. वारंवार ट्रान्सफर फसलेल्या ७१५ स्त्रियांना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोन किंवा तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली. जिवंत बाळ झालं ते औषधाच्या गटात ३७.८ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ३८.८ टक्क्यांना. फायदा नाहीच, वर मुदतीआधी प्रसूती ११.८ टक्के विरुद्ध ५.५ टक्के, आणि अगदी सुरुवातीला गर्भ जाण्याचं प्रमाणही औषधाच्या गटात जास्त. आधी सांगितलेलं सगळं लक्षात घेता मला याचं आश्चर्य वाटत नाही.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचं मिश्रण. तोंडानं खाता न येणाऱ्या रुग्णांना शिरेतून पोषण द्यायला ते बनलं. एनके पेशींवर त्याचा परिणाम प्रयोगशाळेतल्या नळीत दिसतो, बाळं वाढल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. युरोपातल्या ईशरे या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२३ साली आयव्हीएफच्या जोडउपचारांवर जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात रक्तातल्या एनकेंची तपासणी, इंट्रालिपिड आणि स्टेरॉइड या तिन्हींची शिफारस केलेली नाही. कदाचित पुढे तुम्हाला नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचारही सुचवतील. १९९९ साली अमेरिका-कॅनडात झालेल्या चाचणीत तो घेतलेल्यांचं यश ३६ टक्के आणि न घेतलेल्यांचं ४८ टक्के निघालं. २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं संशोधनाबाहेर त्याचा वापर थांबवायला सांगितलं.

अस्तर खरवडण्याचा उपचारही असाच. बायोप्सीनं थोडी जखम केली की मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी धावून येतात, म्हणून भ्रूण रुजायला मदत होईल अशी कल्पना. तर्क चांगला होता, सुरुवातीचे छोटे अभ्यास आशादायक होते. २०१९ साली १३६४ स्त्रियांवरच्या चाचणीत दोन्ही गटांत जिवंत बाळाचं प्रमाण २६.१ टक्के आलं, अगदी सारखं. जीवशास्त्र पटण्यासारखं असलं तरी उपचार लागू पडेलच असं नाही, आणि माझ्या सगळ्या वरच्या लिखाणालाही हे लागू आहे. अस्तरातल्या एनके पेशींच्या कामाची ओळख पटली म्हणून त्यांना वळवणारं औषध आज आपल्या हाती आलेलं नाही.

कुणी अस्तरातल्या एनके मोजून घ्या म्हणालं तर ती रक्ततपासणीपेक्षा निदान योग्य जागी केलेली मोजणी असते. पण ही संख्या दोन दिवसांच्या फरकानंही खूप बदलते आणि तुकडा अस्तराच्या किती खोलवरून घेतला यावरही अवलंबून असते. म्हणून बीज फुटण्याची तारीख नक्की माहीत असल्याशिवाय मी त्या आकड्यावर बोलत नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? आधी भ्रूणाकडे पाहिलं असतं. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या चुकीमुळे होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली देखणा दिसणारा भ्रूणही आतून चुकीच्या गुणसूत्रांचा असू शकतो. चौतिसाव्या वर्षी दोन ट्रान्सफर फसणं दुःखद आहे, पण ते असाधारण नाही, आणि त्यासाठी प्रतिकारशक्तीला आरोपी करण्याची गरज नाही. पुन्हा कधी गर्भपात झालाच तर त्या ऊतकाची गुणसूत्र तपासणी मागून घ्या. नमुना फॉर्मॅलिनमध्ये घातला तर गुणसूत्रांचं कल्चर होत नाही, तो सलाईनमध्ये पाठवावा लागतो, हे ऑपरेशन थिएटरमध्ये आधीच सांगून ठेवा. मग थायरॉइड, साखर, आणि दुर्बिणीतून गर्भाशयाची पोकळी: पडदा, पॉलिप, चिकटलेल्या भिंती.

आणि अँटिफॉस्फोलिपिडच्या तीन तपासण्या: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा२-ग्लायकोप्रोटीन. तुमच्या फाइलमध्ये यातली एकच दिसते. पॉझिटिव्ह आल्यास किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, तरच निदान पक्कं धरतात. त्यामुळे पुढच्या ट्रान्सफरची तारीख घेण्याआधी पहिली तपासणी याच आठवड्यात करून टाका, आणि हेपॅरिन आधीच चालू असेल तर ते लॅबला सांगा, कारण त्यानं ल्युपस अँटिकोॲग्युलंटचं वाचन चुकतं.